म्युनिकचा रेग्युलेटर, मालवणची टाकी

२०२४च्या जानेवारीत एका रात्री साडेअकराला भाच्याचा म्युनिकहून फोन. त्याच्याकडे संध्याकाळचे सात, माझी अर्धी झोप झालेली, कारण सिझनला आम्ही पहाटे पाचला जेटीवर असतो. "मामा, इथं रेग्युलेटरचा सेट ४५९ युरोत मिळतोय, ऑक्टो आणि गेज धरून, मुंबईत अशाच सेटचे ६१ हजार ५०० सांगतायत, घेऊ का?" (रेग्युलेटर म्हणजे डाइव्हिंगमध्ये पाण्याखाली टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र, ऑक्टो म्हणजे त्याचं जोडीदारासाठीचं जादा तोंड.) मी फक्त एवढंच विचारलं की योक आहे का डिन, म्हणजे टाकीला जोडायची पद्धत कुठली, तो म्हणाला डिन, मी म्हणलं मग घे बाबा, अडॅप्टर लावू, आणि फोन ठेवून दिला. पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यातून निघालंय, म्हणून आधीच सांगतो, चूक जितकी त्याची तितकीच माझी.

मी मालवणात डाइव्ह सेंटरवर सामान बघतो. टाक्या, रेग्युलेटर, बीसीडी (पाण्यात तरंगायचं हवेचं जॅकेट), कॉम्प्रेसर, जे काही बिघडतं ते माझ्याकडे येतं. भाचा पुण्यात आयटीत. तारकर्लीला ओपन वॉटर हा पहिला कोर्स केला, मग अंदमानला पुढचा कोर्स, कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला दोनदा जाऊन आला, साठेक डाइव्ह झालेले. म्हणजे आज घेऊन उद्या ओएलएक्सवर टाकणाऱ्यातला नाही. स्वतःचा रेग्युलेटर पाहिजे होता त्याचं कारण पण साधं, भाड्याच्या माऊथपीसचे चावून चावून तुकडे पडलेले असतात, कुणाचा श्वास हलका येतो कुणाचा जड, आणि पंधरा मीटरवर गढूळ पाण्यात बडी (जोडीचा डाइव्हर) दिसत नसताना तोंडात जे आहे ते आपल्या ओळखीचं असलेलं बरं असतं. हे मला पटतं. मास्क, फिन्स आणि मग रेग्युलेटर, याच क्रमाने घ्यावं असं मी सगळ्यांना सांगतो (लोक आधी कॅमेरा घेतात).

आता ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. टाकीत २०० बार प्रेशर असतं, ते थेट तोंडात घेता येत नाही. टाकीवर बसते ती फर्स्ट स्टेज, ती ते प्रेशर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साडेनऊ-दहा बार जास्त इतक्यावर आणते, याला आम्ही आयपी (इंटरमीडिएट प्रेशर) म्हणतो, आणि तोंडातली सेकंड स्टेज आपण ओढू तेव्हाच तेवढी हवा सोडते. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी फ्रान्समध्ये जे बनवलं त्याचंच हे पुढचं रूप, आणि त्यातला गान्यां तर युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून गॅसवर गाड्या चालवायचा व्हॉल्व्ह बनवत होता, तिथून हे निघालं. म्हणजे यंत्र तसं साधंच, चार स्प्रिंगा, एक डायफ्रॅम किंवा पिस्टन आणि मूठभर ओ-रिंगा, म्हणजे हवा गळू नये म्हणून बसवायच्या रबरी कड्या. पण त्या मूठभर ओ-रिंगा कंपनीप्रमाणे वेगळ्या असतात. पुढे हे लागणार आहे.

फोनच्या आधी महिनाभर आमची या विषयावर खलबतं चालूच होती. त्याचा पहिला बेत असा की जर्मनीतल्या मित्राला गिफ्ट म्हणून पार्सल पाठवायला सांगायचं. तो मी तिथंच मोडला. गिफ्टवरची माफी २०१९च्या डिसेंबरमध्येच गेली, आणि कुरियरने आलेल्या वैयक्तिक सामानावर तेव्हा सगळं मिळून ७७ टक्क्यांच्या वर ड्यूटी बसायची, म्हणजे ४१ हजाराचा माल दारात यायला ७३ हजार. वर कुरियरवाल्याचे चार्जेस. बॅगेतून आणलं तर हिशोब वेगळा, त्या वेळी ५० हजारापर्यंत माफ आणि वरच्या रकमेवर ३८.५ टक्के. ऑफिसच्या कामाने सहा आठवडे तो तिथं जाणारच होता, तिकीट कंपनीचं, त्यामुळे बॅगेतून आणणं हाच सरळ रस्ता होता.

मुंबईचा कोट जास्त का, यावर तो जाम चिडलेला, डीलर लुटतात वगैरे. मला तसं वाटत नाही. डीलर हाच माल ड्यूटी भरून आणतो, वर जीएसटी, आणि आपल्याकडे वर्षाला विकले जाणारे सेट किती, त्यात त्याला सर्व्हिसची किटं (बदलायच्या ओ-रिंगा वगैरे) स्टॉकमध्ये ठेवायची, एक माणूस ट्रेन करायचा. युरोपात एका तलावावर रविवारी जेवढे डाइव्हर दिसतात तेवढे आपल्याकडे अख्ख्या किनाऱ्यावर स्वतःचं सामान घेऊन फिरत नसतील. तरी वीस हजाराचा फरक डोळ्यात खुपतोच, खोटं कशाला बोलू.

तर त्याने दुकानात जाऊन घेतला. ऑनलाइन घेतला नाही ते एक बरं केलं, कारण दुकानाने टॅक्स रिफंडचा फॉर्म भरून दिला. जर्मनीत १९ टक्के व्हॅट किमतीतच असतो आणि युरोपबाहेर राहणाऱ्याला तो परत मिळतो, पण १९ टक्के मूळ किमतीवर, म्हणजे ४५९ मधले ७३ युरो, आणि त्यातून मधली रिफंडवाली कंपनी आपलं कापून घेते. हातात आले ५२. म्युनिक विमानतळावर कस्टमचा शिक्का घ्यायला सामान न वापरलेलं, पॅक दाखवावं लागतं, म्हणून याने खोका उघडलाच नाही. हे नीट लक्षात ठेवा, तिथं खोका उघडला असता आणि कुणा डाइव्हरला दाखवला असता तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती.

मुंबईत उतरला तेव्हा त्याच्याकडे रेग्युलेटर ४१ हजार ३०० चा आणि मैत्रिणीसाठी एक डाइव्ह कॉम्प्युटर (पाण्याखाली खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) २५ हजार १०० चा, युरो तेव्हा नव्वदच्या आसपास. मी आधीच बजावलेलं की ग्रीन चॅनलमधून (ड्यूटीचं काही नाही म्हणणाऱ्यांची वाट) शहाणपणा करत जाऊ नको, बिलं हातात ठेव. रेड चॅनलला गेला, ऑफिसरने खोक्यावरचं चित्र बघून विचारलं "ये क्या है, ऑक्सिजन का?" याने पाच मिनिटं समजावलं, बिलं दाखवली, ५० हजाराच्या वरच्या १६ हजार ४०० वर ६ हजार ३२० रुपये भरले, पावती घेतली, वीस मिनिटांत बाहेर. पावती आजही त्याच्या ड्राइव्हवर आहे. आता हे ६ हजार ३२० रेग्युलेटरच्या खात्यात धरायचे की कॉम्प्युटरच्या, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही, त्याच्या मते कॉम्प्युटर नसता तर एक पैसा बसला नसता, माझ्या मते रेग्युलेटर नसता तरी नसता.

८ मार्च, महाशिवरात्र, शुक्रवार, लाँग वीकेंड. कुणकेश्वरच्या जत्रेची गर्दी, मालवणात गाडी लावायला जागा नाही. दुपारी बोटी परत आल्यावर हा खोका घेऊन आला. पडवीत बसून उघडला. माल देखणा होता, खोटं नाही, डायफ्रॅमवाली बॅलन्स्ड फर्स्ट स्टेज, पुढनं सील केलेली. हे सील थंड पाण्यासाठी असतं असं जाहिरातीत लिहितात, आमचं पाणी २७-२८ डिग्री, इथं बर्फ कुठला व्हायला, पण आमच्याकडचा गाळ आणि मीठ स्प्रिंगपर्यंत जात नाही म्हणून मला ते आवडतं. मी हातात घेऊन फिरवला आणि हँडव्हीलच्या, म्हणजे टाकीत फिरवून बसवायच्या चाकाच्या, आट्यांवरून अंगठा फिरवला, आणि काहीतरी जाड लागलं.

आमच्याकडे बहुतेक टाक्या योकच्या. म्हणजे फर्स्ट स्टेजची कडी वरून घालायची आणि मागून स्क्रू आवळायचा. काही टाक्यांच्या व्हॉल्व्हमध्ये एक गोल इन्सर्ट असतो, तो ऍलन कीने काढला की आत आटे असतात, त्यात डिनचा रेग्युलेटर स्क्रूसारखा आत जातो. तशी एक टाकी मी मुद्दाम बाजूला ठेवलेली. इन्सर्ट काढला, रेग्युलेटर तोंडावर धरला, फिरवला. आत जाईच ना. बाटलीवर मोठं झाकण ठेवावं तसा नुसता तोंडावर बसून राहिला. आमचा तांडेल शेजारी जाळं सांधत बसलेला, त्याने मान वर न करताच सांगितलं, "ह्यां बसाचा नाय." मी कॅलिपर आणला. साधा डिन साधारण २३ मिलिमीटर असतो. हा २६ला केसभर कमी.

एम२६.

भाच्याला काहीच कळेना. "डिनच आहे मामा, बिलावर डिन लिहिलंय." बिलावर लिहिलेलं बरोबरच होतं, डिन म्हणजे जर्मन स्टँडर्डच, आणि दिसायलाही तस्साच दिसतो. भानगड अशी आहे की युरोपात नियम झाला की ज्या गॅसमध्ये ऑक्सिजन २२ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे नायट्रॉक्स, त्याच्या टाकीचे आणि रेग्युलेटरचे आटे वेगळेच पाहिजेत, २६ मिलिमीटरचे. हेतू चांगला, हवेसाठी वापरलेला तेलकट रेग्युलेटर चुकून ऑक्सिजनच्या टाकीला लागू नये. म्हणजे तो बसू नये यासाठीच बनवलेला आहे, आणि आम्ही तो बसवायला निघालेलो. बाकी जगाने हे फारसं मनावर घेतलं नाही, ४० टक्क्यांपर्यंतचं नायट्रॉक्स साध्या रेग्युलेटरवर चालतं असं बहुतेक कंपन्याच सांगतात. नंतर दुकानाला मेल केला तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे कळवलं की नायट्रॉक्स व्हर्जन तिथंही कमी खपतं, म्हणूनच ते ऑफरमध्ये काढलेलं. खोक्याच्या बाजूच्या स्टिकरवर बारीक अक्षरात एम२६ असं लिहिलेलंही होतं. कोण वाचतो.

परत द्यायचा विचार केला आणि सोडला. दुकानातून घेतलेला, टॅक्सचा रिफंड घेऊन झालेला, भारतातून पार्सल करायचं म्हणजे परत कागद. भाच्याने रात्रीत नेटवर एक अडॅप्टर शोधून काढला, २६वरनं साध्या डिनवर येणारा, आणि त्याच्यावर डिनवरनं योकवर येणारा दुसरा. मी नाही म्हणलं. आधीच जड फर्स्ट स्टेज, तिला दोन जोड, म्हणजे ती मानेच्या मागे चार बोटं पुढे येणार, बोटीवरून पाठीमागे उलटी उडी, म्हणजे बॅक रोल, मारताना डोक्याला नाहीतर बोटीच्या काठाला लागणार, आणि प्रत्येक जोडाला एक ओ-रिंग म्हणजे गळायला एक नवीन जागा. भाड्याच्या गिऱ्हाइकाला मी असलं काही दिलं नसतं, भाच्याला कसं देऊ.

उपाय एकच, फर्स्ट स्टेजचा टाकीकडचा भाग अख्खा बदलायचा. हँडव्हील, आतला खांब, फिल्टर, ओ-रिंग, सगळं काढून योकचा सेट. आणि इथं दुसरी गोची समोर आली. या कंपनीचे पार्ट ठेवणारं भारतात आम्हाला कुणी सापडेना (कंपनीचं नाव देत नाही, माल चांगला आहे, दोष त्यांचा नाही). मुंबईतल्या दोघातिघांना फोन केले, सगळे आपापल्या ब्रँडचं करतात. शेवटी म्युनिकच्या त्याच दुकानातून ६२ युरोचा योकचा सेट भाच्याच्या ऑफिसातल्या माणसाने मेच्या पहिल्या आठवड्यात खिशात घालून आणला. तोपर्यंत भाचा आमचेच रेग्युलेटर वापरत होता, आणि आपला चकचकीत खोका माझ्या कपाटात.

बसवायचं काम मीही केलं असतं, पण त्या ब्रँडचं ट्रेनिंग माझ्याकडे नाही आणि किती टॉर्कला आवळायचं ते अंदाजाने करायची ही जागा नाही. गोव्यात एक ओळखीचा टेक्निशियन आहे, त्याने कंपनीचा कागद मागवून घेतला आणि १० मेला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, बसवून दिला. १५०० रुपये. शुक्रवार होता, बायकोला म्हापशाचा बाजार करून आणला, म्हणून पेट्रोल मी या हिशोबात धरत नाही.

घरी आल्यावर पहिलं काम, आयपी गेज. जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरच्या होजला गेज लावायचं, टाकी हळू उघडायची, दोन-चारदा सेकंड स्टेजवरचं हवा सोडायचं पर्जचं बटण दाबायचं आणि मग हात बाजूला घेऊन नुसतं बघत बसायचं. काटा साडेनऊला आला, थरथरला आणि थांबला. पाच मिनिटं आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत बसलो, हलला नाही. हे प्रत्येक नव्या रेग्युलेटरचं करावं, मुंबईतून घ्या नाहीतर मंगळावरून. कारण त्याच फेब्रुवारीत भाच्याच्या मैत्रिणीने मुंबईच्या डीलरकडून दुसऱ्या ब्रँडचा सेट घेतलेला, आणि जूनमध्ये तिचा काटा साडेनऊला थांबायच्या ऐवजी हळूहळू दहा, अकरा असा सरकत होता. फर्स्ट स्टेजमधली हवा अडवणारी सीट बसली नव्हती नीट. सेकंड स्टेज कानाजवळ धरली की सापासारखा बारीक फुसफुस आवाज. फरक एवढाच की तिने कुरियर केला आणि बारा दिवसांत सीट बदलून परत, एक रुपया न घेता, वॉरंटीत. याच्या सेटचं असं झालं असतं तर? वॉरंटी कार्ड होतं, पण ते जर्मनीतल्या दुकानाचं.

आणि सिझन? आमच्याकडे २६ मेपासून पाण्यातलं सगळं बंद. म्हणजे १० तारखेला तयार झालेला रेग्युलेटर दोन वीकेंड पाण्यात गेला, चार डाइव्ह, त्यातल्या दोन तर अशा गढूळ की स्वतःचं गेज नाकाला लावून वाचावं लागलं. मग चार महिने कपाटात.

आता पैशाचं. ४५९ मधून रिफंड वजा करून ३६ हजार ६३० झाले. योकचा सेट ५ हजार ५८०, बसवणावळ १५००. म्हणजे ४३ हजार ७१०, आणि माझ्या बाजूने ड्यूटी धरली तर ५० हजार ३०. मुंबईच्या ६१ हजार ५०० पेक्षा तरीही साडेअकरा हजाराने स्वस्तच. एवढी चूक करूनही स्वस्त, हे मला पण मान्य करावं लागलं आणि भाच्याने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. पण मग २०२५च्या फेब्रुवारीत पहिली सर्व्हिस आली. गोव्याच्या माणसाकडे त्या ब्रँडचं किट नाही, कंपनी अधिकृत टेक्निशियन सोडून कुणाला किट विकत नाही. नशिबाने भाच्याला परत म्युनिकला दोन आठवडे पाठवलं, तिथंच करून घेतली, १३० युरो, जवळजवळ ११ हजार ७००. मैत्रिणीची मुंबईत ६ हजार ५०० मध्ये झाली. म्हणजे साडेअकरातले पाच हजार एका सर्व्हिसमध्येच गेले, अजून दोन झाल्या की फायदा संपून उलटं सुरू. मधे कुठे ऑफिसची ट्रिप नसेल तर काय, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. सध्या तो मॅनेजरच्या मागे लागलाय की माझं काम फेब्रुवारीतच ठेवा.

मला आता कुणी विचारलं की बाहेरून आणू का, तर मी आणू नको म्हणत नाही. बँकॉक, सिंगापूर, दुबई, जिथं जाणार असाल तिथं बघा, फक्त किंमत विचारायच्या आधी मुंबई-गोव्यात फोन करून विचारा की या ब्रँडचं किट तुमच्याकडे आहे का आणि तुमच्याकडून न घेतलेल्या मालाला हात लावाल का. काही लावतात, काही तोंडावर नाही म्हणतात, काही लावतात पण दर वेगळा. किट असेल तर खुशाल आणा, बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, आणि दुकानात उभं राहून खोका उघडा, मग तो शिक्का मिळो न मिळो. किट नसेल तर ते वीस हजार विसरा. आणि फक्त वर्षातनं एक गोवा ट्रिप करणार असाल तर भाड्याचा वापरा, नवा माऊथपीस पाचेकशेला मिळतो, तो तेवढा स्वतःचा न्या.

आणि आटे बघा. काढलेलं ते एम२६चं हँडव्हील गोव्याच्या माणसाने परत दिलं, ते माझ्या शेडमध्ये खिळ्याला टांगलंय. आतापर्यंत तीन जणांना त्याचा फोटो पाठवला, शेजारी साधा डिन आणि वर दहाचं नाणं ठेवून. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, ते एम२६च्या तोंडावर ठेवलं की जेमतेम झाकतं, साध्या डिनवर ठेवलं की चहूबाजूंनी चांगली दोन मिलिमीटर कड बाहेर राहते. कॅलिपर कोण घेऊन फिरतो परदेशात, दहाचं नाणं पाकिटाच्या कोपऱ्यात असतंच.